उजेडाच्या टेबलावरची वनमाला

वनमाला परब अंधेरी पूर्वेला गुंदवलीत राहते. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून बैठी चाळ आहे, तिथे. नवरा जयवंत गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकतो आणि सुलक्षणा नावाची एक मुलगी. मी पार्ल्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले त्या वर्षी सुलक्षणा दहावीला होती. ती माझ्याकडे गणिताला यायची, आणि तिला बोलवायला म्हणून वनमाला यायची. मुलगी गणितातून सुटली, आई मात्र यायची राहिली नाही. दाराशी बसायची, चहा प्यायची, कारखान्यातल्या गमती सांगायची. मला रिकामटेकड्या गप्पा आवडत नाहीत, पण तिच्या आवडायच्या, कारण ती काम कसं करतात ते सांगायची.

मरोळला औषधांचा एक कारखाना आहे. तिथे अ आणि ड जीवनसत्त्व असलेल्या माशाच्या तेलाची कॅप्सूलं बनतात. वाटाण्याएवढी, मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात त्यांची बाटली असेल. मशीनमधून निघालेला माल बाटलीत जायच्या आधी एका लांबलचक टेबलावर येई. टेबलाला दुधी काच, काचेखाली ट्यूबलाइट. दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका. मधून कॅप्सूलं घरंगळत जाणार आणि बायकांनी नजरेनं खराब माल टिपून बाजूला काढायचा. ज्यातून तेल झिरपतं ती रडकी. दोन एकमेकांना चिकटली की जुळी. आत हवेचा बुडबुडा असला की पोटुशी. कारखान्याच्या कागदांवर या प्रकारांना इंग्रजी नावं होती, ती सुपरवायझर श्यामकांत सोडून कोणी उच्चारत नसे.

वनमाला त्या टेबलावर लग्नाच्या आधीपासून. तिच्या हातांना माशाच्या तेलाचा वास यायचा तो साबणानं जात नसे. संध्याकाळी ती गल्लीत शिरली की मांजरं तिच्यामागून चालायची. जयवंत म्हणायचा, माझी बायको येते ती वरात घेऊनच येते.

त्या टेबलाचा एक रिवाज होता. नवी मुलगी कामाला आली की टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईनं तिच्या जिभेवर एक रडकी ठेवायची, आणि मगच तिनं पहिल्या मालाला हात लावायचा. हा मान ल्युसीचा. ल्युसी मरोळ गावठाणातली, तिच्या बापजाद्यांची भातशेती होती त्याच जमिनीवर आता कारखाना उभा. ती नव्या पोरीला म्हणायची, "जीभ काढ गं. आमचा फादर चर्चमध्ये प्रसाद देतो तसंच समज. तो आत्म्यासाठी देतो, मी डोळ्यांसाठी देते." मग सगळं टेबल हसायचं.

त्यानंतर रोज सुट्टीच्या आधी प्रत्येकीनं एकेक रडकी तोंडात टाकायची. रडकी घरी नेता येत नसे, कपड्याला डाग पडतो आणि फाटकावर झडतीत सापडतो. म्हणून ती तिथेच खायची. जुळी आणि पोटुशी मात्र डब्यात उरलेल्या भाताखाली लपून घरी जात. याला कोणी चोरी म्हणत नसे. झडती घेणारी बाईसुद्धा आपला वाटा घ्यायची. आणि साऱ्या जणींची पक्की खात्री होती, की दिवसभर ट्यूबलाइटकडे बघूनही टेबलवाल्यांचे डोळे टिकतात ते यामुळेच. कारखान्याच्या भिंतीवर तसं कॅलेंडरच होतं. टपोऱ्या डोळ्यांचं हसरं मूल आणि खाली बाटली.

पुढे जे घडलं ते या खात्रीमुळे घडलं.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते असं. वनमाला दाराशी बसली होती. मी तिच्या डावीकडून खोबऱ्याच्या वड्यांची वाटी पुढे केली. ती बोलतच राहिली. मी वाटी धरून उभी, आणि ही जयवंतच्या मालकाची नक्कल करते आहे. मी म्हटलं, घेतेस की नाही? तेव्हा तिनं सबंध मान वळवली आणि दचकली. मग मी बारीक लक्ष ठेवलं. ती उंबऱ्याला ठेचकाळायची. चहाचा कप नेमका डाव्या कोपरानं लवंडायचा. गल्लीत एका सायकलवाल्यानं तिला धडक दिली तर चूक त्याचीच म्हणून ती त्याच्याशी भांडली. घरात तिचं नाव धांदरट पडलं होतं आणि तीही ते हसून घ्यायची.

मी तिला डोळे दाखवायला चल म्हटलं. ती म्हणाली, बाई, माझ्यासारखे डोळे अख्ख्या चाळीत नाहीत, आणि माझ्या खोलीतल्या टेबलावरचा पेपर तिनं दारातून वाचून दाखवला. अगदी बारीक टायपातली छोटी जाहिरातसुद्धा. मला अशा पुराव्यांचा कंटाळा आहे. दुसऱ्या दिवशी तिला रजा टाकायला लावली आणि महानगरपालिकेच्या इस्पितळात नेऊन बसवलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण काम नीट करणारी. तिनं तक्ता वाचून घेतला, तो वनमालानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि माझ्याकडे विजयानं पाहिलं. मग डॉक्टरणीनं डोळ्याचा दाब मोजला, आत दिवा टाकून पाहिलं आणि तिला समोर बसवून म्हणाली, माझ्या नाकाकडे बघत राहा, बाजूनं माझी बोटं दिसली की सांगा. डावीकडून बोटं हलत हलत जवळजवळ नाकापर्यंत आली तेव्हा वनमाला म्हणाली, दिसली. उजवीकडूनही फार बरं नव्हतं.

काचबिंदू. मोतीबिंदू नव्हे, तो काढता येतो. हा डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकवत जातो, कडेपासून आत. माणसाला समोरचं लख्ख दिसत असतं म्हणून त्याला कळतच नाही की बाजूचं जग गेलं. डॉक्टरीण स्पष्ट बोलली. गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचं असेल तर हे थेंब, दिवसातून चार वेळा, जन्मभर. वनमालानं विचारलं, आणि ताकदीची औषधं? डॉक्टरीण म्हणाली, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. मला वाटतं, त्या एका वाक्यानं डॉक्टरीण तिच्या मनातून उतरली.

थेंब सुरू झाले. त्या थेंबांनी डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक होते. कपाळ ठणकतं. उजेड कमी आत जातो, त्यामुळे सगळं मळकट दिसतं. घरात बसणाऱ्या म्हातारीला ते चालून जातं. वनमालाला दिवसभर त्या काचेवरून घरंगळणारा माल टिपायचा होता. दोन आठवड्यांत तिच्या हातून रडक्या सुटायला लागल्या. श्यामकांतनं तिला एकटीला बोलावून विचारलं, घरी काही झालंय का. तो तसा सभ्य माणूस. पण वनमाला धास्तावली. त्या टेबलावर सगळ्यात तीक्ष्ण नजर तिची, हे तिचं अख्ख्या आयुष्यातलं एकच बक्षीस होतं. घरातही भाड्यापासून पोरीच्या कॉलेजपर्यंत तिचाच पगार पुरायचा. जयवंतचं गॅरेज महिन्यातून अर्धा वेळ बंद.

तिनं थेंब बंद केले. आठवड्यात बाहुल्या मोठ्या झाल्या, काच पुन्हा उजळली, रडक्या पुन्हा दिसायला लागल्या. आता तुम्हीच सांगा, तिनं काय समजावं? ज्यानं दिसायचं कमी झालं ते औषध, आणि ज्यानं काही त्रास नाही ते निकामी, हे कोणाला पटेल? थेंबांची जागा तिनं कॅप्सूलांनी भरून काढली. आधी रोजची एक होती, ती मूठभर झाली. सकाळी जुळ्या, दुपारी रडक्या, रात्री जेवणावर पोटुशा.

मला हे कळायला तीन-चार महिने गेले. मी विचारलं की ती हो बाई, घालते ना थेंब, म्हणायची. एकदा मी त्यांच्या घरी गेले आणि देव्हाऱ्याशेजारी थेंबांची दुसरी बाटली दिसली, सील न फोडलेली, वर हळदीकुंकवाचं बोट लागलेली. खाली वाटीभर कॅप्सूलं.

मी तिला झाडली. मग शिकवलंही, कारण ते माझ्या अंगातच आहे. म्हटलं, वनमाला, अ जीवनसत्त्व डोळ्याला लागतं, खोटं नाही. ज्या पोरांच्या पोटात ते जात नाही त्यांना संध्याकाळनंतर दिसत नाही, पुढे बुबुळ मऊ पडून आंधळी होतात. त्या पोरांना तुझं हे कॅप्सूल दिलं तर डोळे वाचतात. पण तू मासे खातेस, भाजीपाला खातेस, वर वर्षानुवर्षं हे तेल पितेस. तुझी टाकी काठोकाठ भरलेली आहे. नळ आणखी सोडलास तर पाणी सांडेल, वाढणार नाही. आणि तुझी गळती टाकीला नाही, पाइपाला आहे. त्यावर इलाज त्या सीलबंद बाटलीत आहे.

जयवंत बाजेवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, त्या थेंबांनी तिका आणखी कमी दिसता. आमच्या डोळ्यांदेखत. कंपनी एवढ्या बाटल्या इकता ती काय उगाच?"

मी म्हटलं, कंपनी ज्यांना हवं त्यांना विकते आणि ज्यांना नको त्यांनाही विकते. तिचा धंदाच तो आहे. त्याला माझं बोलणं लागलं. बायकोच्या कंपनीबद्दल त्याला अभिमान होता.

वनमाला हळूच म्हणाली, "पण बाई, मी कंपनीच्या टेस्टला पास झाले."

हीच खरी गोम होती. टेबलावरच्या बायकांची वर्षातून एकदा नजर तपासत. कॅन्टीनमध्ये तक्ता टांगायचा, एकेक डोळा झाकून वाचायचा, की झालं. वनमालानं त्या वर्षीही शेवटची ओळ वाचली होती, ल्युसीपेक्षा भराभर. तक्ता समोर टांगतात. कोणाच्या डाव्या कानाशी टांगत नाहीत. काचबिंदू समोरचं अगदी शेवटी खातो, हे डॉक्टरणीनं सांगितलेलं तिनं एका कानानं ऐकलं होतं. तक्ता तिनं स्वतःच्या तोंडानं वाचला होता. माणूस स्वतःच्या तोंडावर जास्त विश्वास ठेवतो.

मग अंगावर यायला लागलं. तिचे ओठ सोलवटले. हातांची कातडी माशाच्या खवल्यासारखी निघायला लागली. केस कंगव्यात येऊ लागले, डोकं दुखायचं, मळमळायचं. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे बरीचशी जातात, हे तेलातलं जात नाही, अंगात साठतं. एवढं मी पुस्तकात बघून तिला सांगितलं. तिचा हिशेब वेगळा होता. थेंबांनी कपाळ ठणकायचं तो अपाय, आणि कॅप्सूलांनी डोकं दुखायचं तो गुण. "आतला काचबिंदू निघतोय बाई," ती मला म्हणाली. टक्कल पडायला आलं होतं तिला, आणि चेहरा समाधानी होता.

मी त्या घरी पुन्हा पुन्हा गेले. गोड बोलले, ओरडले, सुलक्षणाला मध्ये घातलं. एकदा स्वतःच्या हातानं थेंब घालायला गेले तर ती डोळे गच्च मिटून बसली आणि म्हणाली, "माका थेंब नको बाई. माझा टेबल जायत." तिला डोळे हवे होतेच, पण टेबलासाठी. मी टेबल सोडून डोळे वाचव म्हणत होते. आमचं भांडण औषधाचं नव्हतंच.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. बाटल्या उघडाव्यात तर आत सगळा लगदा. एक रडकी बाटलीत गेली तरी तिचं तेल बाकीच्यांना चिकटवतं. श्यामकांतनं कुठल्या पाळीचा, टेबलाच्या कुठल्या बाजूचा माल ते शोधून काढलं. पुढचं मला ल्युसीनं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, पण सारखी चष्मा पुसत होती.

श्यामकांतनं मशीन थांबवलं आणि वनमालाच्या समोर काचेवर एक रडकी ठेवली. तिनं टिपली. दुसरी ठेवली, तीही टिपली. मग त्यानं एक तिच्या डाव्या कोपराशी ठेवली. वनमाला समोर बघत बसली. तो म्हणाला, उचला ना. ती म्हणाली, ठेवा ना. बायकांना वाटलं ती थट्टा करते आहे, एक-दोघी हसल्या. त्यानं ती रडकी बोटानं ढकलत ढकलत आत आणली. बायका हसायच्या थांबल्या. रडकी तिच्या हातापर्यंत आली, अंगठ्यापर्यंत आली, आणि तेव्हा कुठे तिनं झडप घालून उचलली. "ही काय," ती म्हणाली, "आत्ता ठेवलीत होय?"

ल्युसी म्हणाली, "वनू, ती केव्हाची तिथे होती गं."

कंपनीनं तिला काढलं असं म्हणता येणार नाही. कंपनीच्या डॉक्टरनं अपात्र ठरवलं, कामगारांच्या संघटनेनं बोलणी केली, आणि तिच्या जागी मुलीला घ्यायचं ठरलं. निरोपाला शाल, नारळ आणि कंपनीच्या मालाची मोठी बाटली. बाटली मी बघितली आहे. त्यात एकही रडकी नव्हती.

मी तिला परत इस्पितळात नेलं. तीच डॉक्टरीण होती. तिनं कागद काढून वाचले आणि मग वनमालाकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, थेंब घातले का? मी म्हटलं, तिला विचारा, ती इथेच बसली आहे. वनमालानं खरं सांगितलं. डॉक्टरीण चिडली नाही. चिडण्यासारखं तिच्याकडे फारसं उरलंच नव्हतं. डावा डोळा गेला होता. उजव्यात मधोमध रुपयाएवढी खिडकी होती. ऑपरेशन करून दाब उतरवला, थेंब पुन्हा लिहून दिले. तरीही पुढच्या दीड वर्षात ती खिडकी चार आण्यांएवढी झाली, आणि मग बंद झाली.

थेंब आता ती वेळच्या वेळी घालते. घड्याळाचा ठोका ऐकून घालते. कॅप्सूलं बंद केल्यावर केस परत आले, ओठ भरले, कातडी नीट झाली. त्या केसांचं काय करू, म्हणते.

एकदा तिनं मला सरळ विचारलं, "बाई, पहिल्यापासून थेंब घातले असते तर?"

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, नशिबातलं चुकतं का कुठे. मला तसलं येत नाही. मी म्हटलं, तर बहुतेक आज तुला माझं तोंड दिसलं असतं. ती म्हणाली, तुमचं तोंड काय, नुसत्या आवाजावरून कळतं कसं असेल ते. त्यावर दोघी हसलो. हसलो एवढंच, बाकी काही हलकं झालं नाही.

सुलक्षणा कामाला लागली त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी तिथेच होते. पोरगी घरात शिरली आणि वनमालानं वासावरून ओळखली.

"ल्युसीनं दिली?"

"दिली."

"काय म्हणाली?"

"जीभ काढ म्हणाली. आणि म्हणाली, आईला सांग, मी अजून देते, पण आता डोळ्यांसाठी म्हणत नाही."

वनमालानं मान डोलावली. हा रोग आईकडून मुलीकडे येऊ शकतो, हे डॉक्टरणीनं सांगितलं होतं. सुलक्षणाचा दाब तेव्हा ठीक निघाला होता, पण दर वर्षी मोजायला हवा होता. वनमालाला वर्ष फार लांब वाटायचं. तिनं स्वतःच एक तपासणी सुरू केली. मुलगी घरी आली की तिला समोर बसवायची. माझ्या नाकाकडे बघ म्हणायची. आणि डॉक्टरणीनं केलं होतं तसं दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवत हलवत आत आणायची. दिसली की सांग.

"दिसली," सुलक्षणा म्हणायची.

"आता?"

"दिसली."

रोज. जयवंत म्हणायचा, हिची देवपूजाच आहे ती. मी दोन-तीनदा पाहिलं आणि बरं वाटलं. निदान एक तरी गोष्ट हिच्या डोक्यात नीट शिरली.

गेल्या महिन्यात मी जरा अवेळी गेले. दार उघडंच होतं. तपासणी चालली होती. आई पाठ ताठ करून बसलेली, हात पसरलेले, बोटं हलताहेत. समोर सुलक्षणा, दिवसभर टेबलावर बसून आलेली, भिंतीला डोकं टेकून. तिचे डोळे मिटलेले होते.

"दिसली?"

"दिसली."

"आणि आता?"

"दिसली गं आई."

मी आत गेले आणि सुलक्षणाच्या डोक्यात एक टपली मारली. म्हटलं, डोळे उघड. ती ओशाळली. म्हणाली, बाई, रोज रोज काय तेच, मला सगळं दिसतं ना, मागच्या आठवड्यात कंपनीची टेस्ट झाली, शेवटची ओळ वाचली मी.

वनमालाचे हात तसेच हवेत राहिले. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं ते खाली घेतले आणि मांडीवर ठेवले.

"मिटलेले होते?" तिनं मला विचारलं.

"हो."

"रोज?"

मी सुलक्षणाकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

वनमाला ओरडली नाही. मला म्हणाली, बाई, शनिवारी तुम्हाला वेळ आहे का? मी म्हटलं, आहे. पोरीला सांगितलं, शनिवारी सकाळी आठला माझ्या दारात उभी राहा, टेबलावर रजा टाक, आणि वाद घालू नकोस. दोन वर्षांत एकदाही दाब मोजलेला नाहीये तुझा.

सुलक्षणा म्हणाली, "आणि काही निघालं तर? त्या थेंबांनी टेबल जातं ना बाई."

आईनं अंदाजानं हात पुढे केला. तो मुलीच्या खांद्यावर न पडता भिंतीवर पडला. तिथून तो चाचपडत खाली आला आणि तिचा दंड घट्ट धरला.

"जाऊ दे टेबल," ती म्हणाली. "मी तुका ओढीत नेतलंय."

उद्या शनिवार आहे.